निरोपाचे गणित : क्लॉड शॅनन यांचे जीवन व कार्य

घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला निरोपाचे मोल इतरांपेक्षा अधिक कळते. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जुन्या सभासदांच्या आठवणी संकलित होत असताना ही गोष्ट आम्हांस पुनःपुन्हा जाणवली. कोणास गावाहून आलेली एखादी तार शब्दशः पाठ होती, तर कोणास ट्रंक कॉल बुक करून शेजाऱ्यांच्या ओसरीवर जागून काढलेली रात्र आठवत होती. आता खिशातील दूरध्वनीवर नातवंडांचा चेहरा दिसतो, आणि त्याचे कोणास आश्चर्यही वाटत नाही. हे सुख ज्यांच्या बुद्धिवैभवामुळे शक्य झाले त्यांत एका अमेरिकन गणितज्ञाचे नाव फार वरचे आहे. परंतु आपल्या घरांतून ते क्वचितच उच्चारले जाते. ते नाव म्हणजे क्लॉड एलवुड शॅनन. त्यांच्या जीवनाचा व कार्याचा अल्प परिचय या स्मरणिकेच्या वाचकांस करून द्यावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रारंभी एक घरगुती प्रसंग सांगण्याची अनुज्ञा असावी. आमचे वडील नोकरीनिमित्त कानपुरास होते आणि आम्ही प्राथमिक शाळेत जात होतो, त्या सुमारास साताऱ्यास आमच्या आजीवर शस्त्रक्रिया झाली. एके रात्री शेजारच्या घरी धाकट्या काकांचा ट्रंक कॉल आला. तारेत इतकी खरखर होती की, वडिलांना आई आणि घरी हे दोनच शब्द स्पष्ट ऐकू आले. आजीला घरी आणले, एवढा अर्थ लागला. पण कोणत्या स्थितीत आणले, ते कळेना. वडील तोच प्रश्न ओरडून चार वेळा विचारीत होते, पलीकडून काकाही तेच उत्तर चार वेळा देत असावेत, आणि इतक्यात वेळ संपून संबंध तुटला. ती रात्र आमच्या आईवडिलांनी बसून काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी तार आली. तीत चारच शब्द होते. आजी सुखरूप घरी आली होती.

खरखरणाऱ्या तारेतून निरोप बिनचूक पोहोचविता येतो काय, आणि येत असल्यास किती वेगाने, हा प्रश्न त्या रात्री आमच्या घरी असा उभा राहिला होता. तोच प्रश्न शॅनन यांनी त्यापूर्वी तीसएक वर्षे गणिताने सोडवून ठेविला होता, हे आम्हांस पुढे पुष्कळ काळाने कळले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. गणिताशी आमचा संबंध कचेरीतील हिशेबापुरता. तेव्हा पुढील विवेचन सामान्य वाचकाने सामान्य वाचकांसाठी केलेले आहे, हे तज्ज्ञांनी ध्यानी घ्यावे.

शॅनन यांचा जन्म ३० एप्रिल १९१६ रोजी मिशिगन राज्यातील पेटॉस्की येथे झाला. बालपण मात्र गेलॉर्ड या लहानशा गावी गेले. वडील व्यापारी असून काही काळ वारसाहक्काच्या प्रकरणांचे न्यायाधीशही होते. आई भाषा शिकवीत असे व पुढे ती गावच्या हायस्कुलाची मुख्याध्यापिका झाली. थोरली बहीण कॅथरिन हिने गणितात प्राध्यापकपद मिळविले. आजोबा शेतकरी होते, पण मोठे हिकमती. कपडे धुण्याचे एक यंत्र त्यांनी स्वतः योजून तयार केले होते. या घरात पुस्तक आणि हत्यार दोहोंनाही मान होता, आणि धाकट्या क्लॉडमध्ये दोन्ही वारसे उतरले. विमानांच्या प्रतिकृती, बिनतारी यंत्राने चालणारी होडी असे नाना उद्योग तो करी. त्याचा आदर्श एडिसन हा होता. एडिसनशी आपले दूरचे नातेही लागते, हे त्यास मोठेपणी समजले.

या बाळपणातील एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. अर्ध्या मैलावर राहणाऱ्या मित्राशी बोलता यावे म्हणून क्लॉडने शेताच्या कुंपणाची काटेरी तार वापरून एक तारयंत्र उभारले. कुंपणाची तार ही काही निरोप नेण्यासाठी ताणलेली नसते. ती गंजते, खांबाखांबाला टेकते, पावसात भिजते. अशा हीन प्रतीच्या साधनातूनही निरोप जातो, हे त्या मुलाने लहानपणीच अनुभविले. पुढे गावात तारा पोहोचविण्याचे कामही त्याने काही काळ केले.

१९३२ मध्ये शॅनन मिशिगन विद्यापीठात दाखल झाले आणि १९३६ मध्ये विद्युत् अभियांत्रिकी व गणित या दोन्ही विषयांच्या पदव्या घेऊन बाहेर पडले. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे सुप्रसिद्ध एम.आय.टी.मध्ये, व्हॅनेवार बुश यांच्या हाताखाली त्यांना काम मिळाले. बुश यांनी दांडे, चाके व दंतचक्रे यांच्या साह्याने गणिते सोडविणारे एक अवाढव्य यंत्र बांधले होते. त्याला जोडलेल्या विद्युत् कळींचे जाळे शॅनन यांच्या देखरेखीखाली आले. या कळींची उघडझाप पाहता पाहता त्यांस महाविद्यालयात शिकलेले जॉर्ज बूल यांचे तर्कशास्त्राचे बीजगणित आठवले. विधान खरे असते किंवा खोटे. कळ मिटलेली असते किंवा उघडी. तर मग तर्काचे सर्व नियम कळींच्या जुळणीने पाळता येतील! १९३७ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी हे सिद्ध केले. पदव्युत्तर पदवीसाठी लिहिलेल्या एखाद्या प्रबंधाने जगाचे रूप पालटल्याची उदाहरणे विरळाच. हे त्यांतील एक होय. आजचा प्रत्येक संगणक याच तत्त्वावर उभा आहे. १९४० मध्ये त्यांनी आनुवंशशास्त्राच्या गणितावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली.

१९४१ मध्ये शॅनन बेल टेलिफोन प्रयोगशाळेत रुजू झाले. महायुद्धाचा तो काळ. विमानविरोधी तोफांचा नेम साधणारी यंत्रणा व गुप्तलेखन हे विषय त्यांच्याकडे आले. शत्रूला निरोप निरर्थक गोंधळ वाटावा आणि मित्राला त्याच गोंधळातून नेमका निरोप सापडावा, ही गुप्तलेखनाची कसोटी. गुप्तता आणि खरखर या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे शॅनन यांच्या ध्यानात येथेच आले असावे, असे आम्हांस वाटते. १९४३ मध्ये इंग्लंडचे थोर गणितज्ञ ॲलन ट्युरिंग प्रयोगशाळेत आले असता दोघांची उपाहारगृहात नित्य भेट होई. युद्धकार्याविषयी बोलण्याची दोघांसही मुभा नव्हती. म्हणून यंत्रांना विचार करता येईल काय, या विषयावर ते बोलत बसत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दूरसंदेशवहनाच्या आरंभापासून खरखर हा त्याचा जन्मजात शत्रू मानला जाई. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तार टाकण्यात आली, तेव्हा व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जाण्यास सोळा तास लागले. वाइल्डमन व्हाइटहाउस या तंत्रप्रमुखाने क्षीण झालेला संदेश पोहोचविण्यासाठी सुमारे २,००० व्होल्टचा दाब लावला आणि काही आठवड्यांतच ती तार कायमची निकामी झाली. ऐकू येत नसेल तर अधिक मोठ्याने ओरडावे, हा मनुष्यस्वभाव. पण त्याला मर्यादा आहे. पुढे बेल कंपनीतील हॅरी नायक्विस्ट व राल्फ हार्टले यांनी १९२४ ते १९२८ या काळात या विषयाला गणिताचे रूप देण्यास प्रारंभ केला. वाहिनीतून जितक्या अधिक कंपनांचा पट्टा जाऊ शकेल तितका तिचा वेग अधिक, हे त्यांनी दाखविले. तथापि खरखरीचा हिशेब त्यांच्या सूत्रांत पुरता बसला नव्हता. चुका कमी हव्या असतील तर निरोप पुनःपुन्हा सांगावा लागेल, सांगण्याचा वेग घटेल, आणि चुका अगदीच नको असतील तर वेग जवळजवळ शून्यावर येईल, अशीच तज्ज्ञांची समजूत होती. आमच्या वडिलांचीही त्या रात्री हीच समजूत होती.

१९४८ च्या जुलै व ऑक्टोबर महिन्यांत बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात शॅनन यांचा सुमारे ऐंशी पानांचा निबंध दोन हप्त्यांनी प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांचे वय बत्तीस होते. निबंधाचे नाव संदेशवहनाचा एक गणिती सिद्धान्त असे होते. पुढील वर्षी वॉरन वीव्हर यांच्या विवेचनासह तो पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा इंग्रजी नावातील एक हा अर्थ दाखविणारे उपपद बदलून निश्चयवाचक उपपद घालण्यात आले. एका वर्षात एका सिद्धान्ताचा तोच एकमेव सिद्धान्त झाला!

या निबंधाची पहिली पायरी म्हणजे निरोपाचे माप. दूध लिटरने, कापड मीटरने मोजतात. निरोप कशाने मोजावा? शॅनन यांनी अर्थाचा विचार जाणूनबुजून बाजूस ठेविला. पोस्टमन पाकिटातील सुखदुःख पाहत नाही, वजन पाहतो, तसेच हे. निरोप म्हणजे अनेक शक्यतांतून एकीची निवड. होय किंवा नाही एवढेच कळावयाचे असेल, आणि दोन्ही सारखेच संभवत असतील, तर तो निरोप एक एकक. या एककाला त्यांनी बिट म्हटले. हा शब्द जॉन टुकी यांनी सुचविलेला होता. आमच्या पिढीस ठाऊक असलेले याचे उदाहरण म्हणजे अभिनंदनाच्या तारा. तारघरात शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांची क्रमांकवार यादी असे. आपण क्रमांक लिहावयाचा, तारेतून तेवढाच जावयाचा आणि पलीकडे सबंध वाक्य उमटावयाचे. समजा, यादीत बत्तीस वाक्ये आहेत; तर त्यांतील एक निवडण्यास पाच बिट पुरतात, मग वाक्य कितीही लांबलचक असो.

दुसरी पायरी म्हणजे भाषेतील अतिरिक्त अंश. शॅनन यांनी इंग्रजीचा अभ्यास करून असा अंदाज केला की, त्या भाषेच्या लेखनातील सुमारे निम्मा भाग भाषेच्या घडणीमुळे ठरून जातो. लिहिणाऱ्याला खरे स्वातंत्र्य उरलेल्या निम्म्याचेच असते. आपल्या मराठीचे पाहा. माझी धाकटी बहीण काल आली, या वाक्यात स्त्रीलिंगाची खूण माझी, धाकटी आणि आली या तिन्ही शब्दांवर आहे. बहीण हा शब्द ऐकू आला नाही तरी येणारी व्यक्ती स्त्री आहे, एवढे कळतेच. व्याकरण शिकताना जो भार वाटतो, तो वस्तुतः खरखरीपासून संरक्षण करणारा पहारा आहे. तारेचे पैसे शब्दांवर पडत, म्हणून आपण हा पहारा काढून टाकीत असू. तार स्वस्त होई, पण एखादे अक्षर चुकले तर अर्थाचा अनर्थ होण्यास वाव राही. उलट ट्रंक कॉलवर आपण तेच ते पुनःपुन्हा सांगत असू. काटकसर करून निरोप लहान करणे आणि विचारपूर्वक भर घालून तो सुरक्षित करणे, ही दोन्ही कामे आपण अडाणीपणाने करीत होतो. शॅनन यांनी ती शास्त्रशुद्ध केली.

तिसरी पायरी हा या सिद्धान्ताचा कळस होय. शॅनन यांनी सिद्ध केले की, प्रत्येक वाहिनीची, ती कितीही खरखरणारी असो, एक निश्चित क्षमता असते. आणि ती दर सेकंदाला इतके बिट अशी मोजता येते. या क्षमतेपेक्षा अधिक वेगाने पाठवू पाहाल तर चुका अटळ आहेत. कितीही शर्थ केली तरी चुकणार नाहीत. परंतु क्षमतेच्या आत राहिलात, तर निरोपाला योग्य सांकेतिक रूप देऊन चुकांचे प्रमाण हवे तितके कमी करता येते, आणि त्यासाठी वेग शून्याकडे नेण्याची गरज नाही. पूर्वीच्या समजुतीला हा जबर धक्का होता. खरखर अचूकपणा हिरावून घेत नाही. ती फक्त वेगाला मर्यादा घालते. एवढेच, पण केवढे मोठे!

ही क्षमता काढण्याचे सूत्र लहान आहे. वाहिनीतून जाणाऱ्या कंपनांच्या पट्ट्याची रुंदी घ्यावी. संदेशाची शक्ती खरखरीच्या शक्तीच्या किती पट आहे, हे काढून त्यात एक मिळवावा. ती संख्या येण्यास एकाला दोनाने किती वेळा गुणावे लागते, म्हणजेच तिचा दोन या पायावरील लॉगरिथम किती, हे पाहावे. या दोहोंचा गुणाकार म्हणजे दर सेकंदाची क्षमता. जुन्या टेलिफोनच्या तारेचे उदाहरण घेऊ. तीतून दर सेकंदास ३०० ते ३,४०० कंपनांपर्यंतचा आवाज जात असे. म्हणजे पट्टा ३,१०० चा. संदेश खरखरीच्या हजारपट बलवान असेल, तर १,००१ ही संख्या दोनाच्या साधारण दहाव्या घाताइतकी भरते. कारण दहा वेळा दोन घेऊन गुणले की १,०२४ होतात. म्हणून क्षमता दर सेकंदास सुमारे ३१,००० बिट.

आता ओरडून पाहू. संदेशाची शक्ती दुप्पट केली, तर दहाचे अकरा होतात आणि क्षमता सुमारे ३४,००० होते. म्हणजे शक्ती दुप्पट, लाभ केवळ दशांश! पट्टा दुप्पट केला आणि शक्ती व खरखर यांचे प्रमाण तेच राखले, तर मात्र क्षमता दुप्पट होते. म्हणूनच रुंद पट्ट्याच्या वाहिन्यांसाठी जगभर एवढा खटाटोप चालतो. उलट टोकही पाहण्यासारखे आहे. खरखर संदेशाइतकीच बलवान झाली, तरी क्षमता ३,१०० उरते. खरखर संदेशाच्या दसपट झाली, म्हणजे कानाला खरखरीवाचून काहीच ऐकू येऊ नये अशी स्थिती आली, तरीही दर सेकंदास सुमारे ४२५ बिट बिनचूक नेण्याची शक्यता त्या तारेत शिल्लक असते. आजी बरी आहे की नाही, एवढे सांगण्यास एक बिट पुरे होता. त्या रात्रीच्या तारेत तेवढी जागा निश्चित होती; ती वापरण्याची विद्या मात्र आमच्याजवळ नव्हती.

हे छत काल्पनिक नाही, याचा प्रत्ययही पुढे आला. साध्या टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या मोडेम यंत्रांचा वेग वर्षानुवर्षे वाढत गेला; १९९४ साली तो २८,८०० आणि १९९६ साली ३३,६०० बिटांपर्यंत आला आणि तेथेच थबकला. त्यानंतर ५६,००० ची जी यंत्रे निघाली, ती टेलिफोन केंद्रापलीकडचा मार्ग अंकीय झाल्यामुळे तिकडील खरखर टळली म्हणून. वाहिनी बदलली तेव्हाच छत उंचावले.

शॅनन यांच्या सिद्धतेत एक विलक्षण गोष्ट होती. उत्तम सांकेतिक रूप असते, हे त्यांनी सिद्ध केले. पण ते कोणते, हे सांगितले नाही. त्यांनी चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी स्वैरपणे बनविलेली सर्व सांकेतिक रूपे एकत्र विचारात घेतली आणि त्यांची सरासरीच चांगली येते, असे दाखविले. वर्गाची सरासरी पंचाहत्तर गुण असेल, तर पंचाहत्तर किंवा अधिक गुण मिळविणारा निदान एक विद्यार्थी त्या वर्गात असलाच पाहिजे; तो कोण, हे मात्र सरासरीवरून कळत नाही. एका नामांकित गणितज्ञाने निबंधाचे परीक्षण करताना लेखकाच्या गणिती हेतूंविषयीच शंका प्रकट केली होती. काळाने निर्णय शॅनन यांच्या बाजूने दिला.

तो विद्यार्थी शोधण्यात पंचेचाळीस वर्षे गेली. त्या शोधात आपल्या देशातील पंडितांचाही वाटा आहे, हे येथे अभिमानाने नमूद केले पाहिजे. होशंगाबाद येथे १९०१ मध्ये जन्मलेले राजचंद्र बोस आणि द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांनी १९६० मध्ये चुका दुरुस्त करणाऱ्या सांकेतिक रूपांचे एक कुटुंब प्रसिद्ध केले. फ्रान्सचे ऑकेंगेम यांनीही ते स्वतंत्रपणे शोधले होते. म्हणून तिघांच्या आद्याक्षरांवरून ते बी.सी.एच. या नावाने ओळखले जाते, आणि उपग्रहावरील दूरचित्रवाणीत ते उपयोगी पडले. बोस यांचे शिष्य शरदचंद्र श्रीखंडे हे तर आपल्यापैकीच. १९१७ मध्ये मध्य प्रदेशातील सागर येथे, म्हणजे आपल्यासारख्याच घरापासून दूर गेलेल्या मराठी मंडळींच्या मुलखात, त्यांचा जन्म झाला. नागपुरास शिकून ते अमेरिकेत गेले. ऑयलरसारख्या महागणितज्ञाचे सुमारे पावणेदोन शतके जुने अनुमान बोस, श्रीखंडे व पार्कर यांनी १९५९ मध्ये खोटे ठरविले, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्याच वर्षी बोस व श्रीखंडे यांनी सांकेतिक रूपांच्या रचनेवरही निबंध लिहिला होता, हे फारसे सांगितले जात नाही. श्रीखंडे १०२ वर्षांचे दीर्घायुष्य भोगून २०२० मध्ये निवर्तले.

शॅनन यांचे सहकारी रॉबर्ट गॅलगर यांनी १९६० च्या सुमारास एक उत्तम पद्धत सुचविली होती. पण तत्कालीन यंत्रांना ती पेलली नाही आणि तीस वर्षे ती अडगळीत पडली. १९९३ मध्ये क्लोद बेरू व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी जिनिव्हा येथील परिषदेत अशी पद्धत मांडली की, ती शॅनन यांच्या मर्यादेच्या अगदी निकट जात होती. प्रारंभी श्रोत्यांचा विश्वास बसला नाही. पडताळा घेतल्यावर बसला. मग गॅलगर यांची जुनी पद्धतही धूळ झटकून बाहेर काढण्यात आली, आणि पाचव्या पिढीच्या मोबाइल सेवेत तिला स्थान मिळाले. १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर यानाचा प्रक्षेपक विजेच्या लहानशा दिव्याइतक्या, म्हणजे तेवीसेक वॅट शक्तीचा. २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले. त्यानंतरही दर सेकंदास १६० बिटांच्या वेगाने त्याचे निरोप पृथ्वीवर वाचले गेले.

एवढे मोठे कार्य करणारा हा पुरुष वृत्तीने संकोची व खेळकर होता. पहिला विवाह अल्पकाळ टिकला. १९४९ मध्ये त्यांनी बेल प्रयोगशाळेतीलच गणिती बेटी मूर यांच्याशी विवाह केला. हा संसार अखेरपर्यंत सुखाचा झाला. दोन मुलगे व एक मुलगी झाली. बेटी त्यांच्या लेखनात व यंत्ररचनेत साह्य करीत. १९५० मध्ये शॅनन यांनी थिसियस नावाचा लाकडी उंदीर तयार केला. तो भुलभुलैयात चाचपडत वाट शोधी आणि दुसऱ्या खेपेस न चुकता नेमक्या ठिकाणी जाई. वाट लक्षात ठेवण्याचे काम पटाखाली दडविलेल्या टेलिफोनच्या कळी करीत. त्याच वर्षी संगणकाला बुद्धिबळ कसे शिकवावे, यावर त्यांनी निबंध लिहिला.

१९५६ मध्ये शॅनन एम.आय.टी.त अध्यापनासाठी गेले व १९५८ पासून तेथील प्राध्यापक झाले. विंचेस्टर येथील त्यांचे घर म्हणजे एक खेळघरच होते. एका चाकाच्या सायकली, रोमन अंकांत हिशेब करणारे यंत्र, चेंडू झेलणारे यंत्रविदूषक, असे काय काय तेथे असे. प्रयोगशाळेच्या ओवरीत एकचाकी सायकलवर बसून ते चेंडू झेलीत जात, आणि चेंडू झेलण्याचेही सूत्र त्यांनी मांडले. पत्रांस उत्तरे देण्याचा त्यांस फार कंटाळा. फार दिवस उत्तरावाचून पडून राहिलेल्या पत्रांसाठी त्यांनी तशाच नावाची एक स्वतंत्र पेटी केली होती. प्रलंबित प्रकरणांत हयात घालविलेल्या आमच्यासारख्यांस यात थोडा दिलासा वाटल्यास नवल नाही!

कीर्तीने मात्र त्यांस भुलविले नाही. त्यांचा सिद्धान्त मानसशास्त्र, अर्थशास्त्र, जीवशास्त्र अशा सर्वच क्षेत्रांत लागू करण्याची लाट आली, तेव्हा १९५६ मध्ये स्वतः शॅनन यांनीच एक लहान टिपण लिहून अभ्यासकांस सावध केले. या सिद्धान्ताचा मूळ गाभा गणिताचा आहे. नवे शब्द उसने घेतल्याने निसर्गाची सर्व रहस्ये उलगडत नाहीत, असा त्याचा आशय होता. स्वतःच्या नावाचा जयघोष चालू असता तो थांबविण्यास सांगणारे लोक थोडेच. १९६६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक आणि १९८५ मध्ये जपानचा पहिला क्योतो पुरस्कार त्यांस लाभला. त्याच १९८५ मध्ये इंग्लंडातील ब्रायटन येथे या शास्त्राची परिषद चालू असता ते पूर्वसूचना न देता येऊन बसले. ही बातमी पसरताच स्वाक्षरीसाठी विद्वानांची रांग लागली. रात्रीच्या भोजनप्रसंगी बोलावयास उभे राहिल्यावर, श्रोते कंटाळतील या भीतीने त्यांनी खिशातून तीन चेंडू काढले आणि झेलून दाखविले.

त्यांचे अखेरचे पर्व खिन्न करणारे आहे. स्मृती हळूहळू पुसून टाकणाऱ्या अल्झायमर रोगाने त्यांस ग्रासले. ऑक्टोबर २००० मध्ये गेलॉर्ड गावाने त्यांचा पुतळा उभारला, तेव्हा ते शुश्रूषागृहात होते. मोबाइल, संगणक, इंटरनेट यांनी जग जोडले जात होते. परंतु त्यामागचा आपला वाटा त्यांच्या ध्यानी येण्याची स्थिती उरली नव्हती. २४ फेब्रुवारी २००१ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड येथे त्यांचे देहावसान झाले.

आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ट्रंक कॉलही इतिहासजमा झाले. आमची आजी त्या शस्त्रक्रियेनंतर अकरा वर्षे जगली. निवृत्तीनंतर एकदा वडिलांस आम्ही शॅनन यांचा सिद्धान्त जमेल तसा समजावून सांगितला. त्यांनी एवढेच विचारले की, आपण त्या रात्री चार वेळा ओरडलो, ते मग वेडेपणाचेच होते काय. तसे मुळीच नव्हते, हे सांगताना आम्हांस समाधान वाटले. पुन्हा सांगणे ही खरखरीवरील सर्वांत जुनी आणि प्रामाणिक तोड आहे. ती महाग पडते, एवढाच तिचा दोष. त्याहून स्वस्त आणि खात्रीची तोड असलीच पाहिजे, हे शॅनन यांनी सिद्ध केले, आणि ती शोधण्यासाठी पुढील पिढ्यांना धीर दिला. चार शब्दांची ती तार वडिलांच्या कागदपत्रांत अजून जपून ठेविलेली आहे. तिच्याकडे पाहताना, आपणां सर्व दूरस्थांचे निरोप सुखरूप पोहोचविणाऱ्या या गणितज्ञाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.